पाहणे, शिकणे आणि आचरणे : बँड्युरा यांच्या बाहुला-प्रयोगांचे परीक्षण

मानसशास्त्राच्या अर्वाचीन इतिहासात काही प्रयोग असे आहेत की, त्यांचे मूळ निवेदन फार थोड्यांनी वाचलेले असते, पण निष्कर्ष मात्र सर्वांना तोंडपाठ असतो. अल्बर्ट बँड्युरा यांनी डोरोथिया रॉस व शीला रॉस यांच्यासह अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेला बाहुल्याचा प्रयोग याच जातीचा आहे. ‘मुले जे पाहतात तेच करतात’ असे त्याचे सार अध्यापक-विद्यालयांच्या टिपणांतून उतरविले जाते. पालकांपुढील व्याख्यानांत ते सांगितले जाते. आणि चित्रपट, दूरदर्शन किंवा हातातला फोन यांवर कितपत नियंत्रण असावे या वादात हा प्रयोग पुराव्यादाखल पुढे केला जातो. सूत्र सुटसुटीत आहे, स्मरणात राहण्याजोगे आहे आणि बऱ्याच अंशी चुकीचे आहे. ‘पाहतात’ व ‘करतात’ या दोन क्रियापदांमध्ये जे अंतर आहे तेच बँड्युरा यांच्या संशोधनाचे खरे क्षेत्र होते. सूत्राने नेमके तेच पुसून टाकले आहे. ते अंतर पुन्हा दृष्टीस आणावे आणि ते दृष्टीस आल्यावर खुद्द बँड्युरा यांच्या उपपत्तीतही कोणती उणीव उरते ते पाहावे, असा प्रस्तुत परीक्षणाचा हेतू आहे.

हा प्रयोग कोणत्या वादातून जन्मला, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. अनुकरणाचा विचार जुना आहे. फ्रान्समधील गाब्रिएल तार्द या न्यायाधीशाने १८९० साली अनुकरणाच्या नियमांवर ग्रंथ लिहून समाजाची सारी घडणच अनुकरणावर उभी आहे असे प्रतिपादन केले होते. त्या काळी अनुकरण ही एक उपजत प्रवृत्ती आहे असे म्हटले, की प्रश्न मिटत असे. परंतु एखाद्या गोष्टीला प्रवृत्ती हे नाव दिल्याने तिचा उलगडा होत नाही, हे लवकरच ध्यानात आले. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ च्या आपल्या प्रबंधासाठी पेटीत कोंडलेल्या मांजरांना दुसऱ्या मांजराची सुटका पाहू दिली. तशी सुटका पाहिल्याचा त्या मांजरांना काही लाभ झाल्याचे थॉर्नडाइक यांना आढळले नाही. शिकणे म्हणजे करून पाहणे, चुकणे आणि ज्या कृतीला फळ मिळाले ती टिकणे, हा विचार पुढे अमेरिकन वर्तनवादाचा पाया बनला. नील मिलर व जॉन डोलार्ड यांनी १९४१ साली अनुकरणालाही त्याच चौकटीत बसविले. मूल दुसऱ्यासारखे करते, त्याचे त्याला फळ मिळते, आणि असे फळ मिळत गेल्याने दुसऱ्यासारखे करण्याची सवय जडते, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे अनुकरणातही आधी करणे आणि मग शिकणे.

या मांडणीत एक गोष्ट अडते. मूल एखादी सर्वस्वी नवी कृती, जी त्याने पूर्वी कधी केली नाही आणि जिच्याबद्दल त्याला कधी काही मिळाले नाही, ती एकदा पाहून नंतर, दुसऱ्या जागी, पाहिलेली व्यक्ती समोर नसताना कशी करते? जी कृती अद्याप झालीच नाही तिला फळ कोठून मिळणार? बँड्युरा यांचा रोख या प्रश्नावर होता. हिंसेचा विषय त्यांनी घेतला, कारण विचित्र व ठळक कृती ओळखण्यास सोप्या असतात. पुढे प्रयोगाची कीर्ती मात्र या निमित्ताच्या विषयावरच झाली, आणि मूळचा प्रश्न मागे पडला.

प्रयोगाची रचना अशी होती. विद्यापीठाच्या शिशुशाळेतील ७२ मुले घेण्यात आली. ३६ मुलगे, ३६ मुली. वये ३७ महिन्यांपासून ६९ महिन्यांपर्यंत. यांपैकी २४ मुलांना काहीच दाखविले नाही. उरलेल्या ४८ मुलांचे सहा-सहांचे आठ गट केले. निम्म्या गटांनी मारकुटेपणा करणारी प्रौढ व्यक्ती पाहिली, निम्म्यांनी शांत व्यक्ती. आणि त्यांतही पुन्हा निम्म्यांना आपल्याच लिंगाची, निम्म्यांना भिन्न लिंगाची व्यक्ती दाखविली. मूल खोलीच्या एका कोपऱ्यात बटाट्याच्या ठशांनी चित्रे उठवीत बसे. दुसऱ्या कोपऱ्यात ती प्रौढ व्यक्ती, काही खेळणी, एक लाकडी हातोडा आणि पाच फूट उंचीचा, हवा भरलेला, पाडला तरी पुन्हा उठून उभा राहणारा बाहुला. प्रौढ व्यक्ती थोडा वेळ खेळणी जुळवून मग बाहुल्याकडे वळे. त्याला आडवा पाडून त्यावर बसणे, नाकावर ठोसे लगावणे, हातोड्याने डोक्यात मारणे, हवेत फेकणे, खोलीभर लाथाडणे, हा क्रम सुमारे तीन वेळा होई. तोंडाने त्याच त्या ठराविक उद्गारांची जोड असे. हे सर्व दहा मिनिटे चाले.

यानंतरचा टप्पा सारांशांतून बहुधा गळतो. मुलांना दुसऱ्या खोलीत नेऊन उत्तमोत्तम खेळण्यांशी दोन मिनिटे खेळू दिले, आणि मग ही खेळणी दुसऱ्या मुलांसाठी राखून ठेवली आहेत असे सांगून ती काढून घेतली. म्हणजे मुले मुद्दाम चिडविली गेली. आजच्या नीतिनियमांच्या कसोटीवर ही योजना सहज उतरली नसती. चिडलेली मुले तिसऱ्या खोलीत आली. तेथे तीन फुटी बाहुला व हातोडा तर होताच. शिवाय बाण सोडणाऱ्या बंदुका, छतापासून टांगलेला, चेहरा रंगविलेला चेंडू, आणि त्यांच्याच जोडीला चहाचा संच, रंगखडू, बाहुल्या, मोटारी, शेतावरची जनावरे. एका बाजूनेच आरपार दिसणाऱ्या काचेआडून वीस मिनिटे निरीक्षण झाले. दर पाच सेकंदांस एक याप्रमाणे प्रत्येक मुलाच्या २४० नोंदी झाल्या.

मारकुटी व्यक्ती पाहिलेल्या मुलांनी तिच्या कृतींची व उद्गारांची पुष्कळच पुनरावृत्ती केली. इतर दोन प्रकारच्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांत अशी नक्कल शून्य होती. एवढ्यावरून बँड्युरा यांचा मूळ दावा सिद्ध होतो, यात संशय नाही. काही न करता आणि काही फळ न मिळता, निव्वळ पाहून नवी कृती शिकता येते. मिलर व डोलार्ड यांच्या मांडणीत या निष्पत्तीला जागा नव्हती. या यशाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

पण निवेदन बारकाईने वाचू लागले म्हणजे दुसऱ्या काही गोष्टी दिसू लागतात. प्रौढ व्यक्तीने मारण्याच्या हुकमांखेरीज आणखी दोन वाक्ये उच्चारली होती: हा बाहुला पुन्हा पुन्हा उठून येतो, मोठा चिवट आहे, अशा अर्थाची. त्यांत मारकुटेपणा नाही. किंबहुना थोडे कौतुकच आहे. मारकुटी व्यक्ती पाहिलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुलांनी ही वाक्येही म्हटली. ज्यांना कोणतीच व्यक्ती दाखविली नव्हती त्यांपैकी एकानेही नाही. मुलांच्या मनात नुसता राग उसळला असता तर ही निरुपद्रवी वाक्ये त्यांना कशाला हवी होती? त्यांनी एक संपूर्ण प्रसंग उचलला होता, त्यातील बोलण्याच्या लकबीसह. या बाहुल्याशी कसे वागायचे असते, याची जणू रीतच त्यांना दाखविली गेली होती.

मुलगे व मुली यांच्या आकड्यांतून हीच गोष्ट निराळ्या बाजूने दिसते. पुरुषाला मारताना पाहिलेल्या मुलग्यांच्या शारीरिक नकलेची सरासरी २५.८, बाईला मारताना पाहिलेल्या मुलग्यांची त्याच्या निम्म्याहूनही थोडी कमी, १२.४. मुलींत शारीरिक नक्कल एकूणच कमी. पण बाईचे उद्गार ऐकलेल्या मुलींत शाब्दिक नकलेची सरासरी १३.७ आणि पुरुषाचे ऐकलेल्यांत अवघी २. प्रत्येक गट सहा मुलांचा असल्याने या दुसऱ्या तफावतीवर संख्याशास्त्राच्या दृष्टीने फार भार टाकता येणार नाही. परंतु त्याच निवेदनात मुलांचे काही उद्गार नोंदविलेले आहेत, आणि ते आकड्यांहून बोलके आहेत. बाईने असे वागणे बरे नव्हे, बायकांनी बायकांसारखे वागावे, असा शेरा एका मुलाने मारला. तर त्या पुरुषाच्या ठोशांची काहींनी वाखाणणी केली. चार-साडेचार वर्षांची ही मुले जे दिसले ते आरशासारखे परत फेकीत नव्हती. कोणी केले, ते त्याला शोभते काय, आपल्याला शोभेल काय, याचा निवाडा त्यांच्या मनात चालू होता. आणि त्या निवाड्यानुसार एकच दृश्य निरनिराळ्या मुलांत निरनिराळ्या प्रमाणात उतरले.

मग आक्रमकता म्हणून मोजले गेले ते काय, असा प्रश्न येतो. बाहुला मारण्यासाठीच बनविलेला. तो पडून उठतो यातच त्याची गंमत. त्याला ठोसा मारणाऱ्या मुलाच्या मनात कोणाला इजा करण्याचा हेतू आहे असे म्हणण्यास आधार काय? कुस्तीच्या आखाड्यात झुलत्या पोत्यावर हात चालविणाऱ्या पोराला कोणी मारेकरी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये निव्हटन व स्टीव्हन्सन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या मुलांना तशा खेळण्यांचा आधी परिचय करून दिला होता त्यांच्यात नक्कल कमी आढळली. ही गोष्ट सूचक आहे. वस्तू अपरिचित असेल तर मूल तिचा उपयोग वडीलधाऱ्यांकडून घेते. परिचित असेल तर स्वतःच्या कल्पनेने खेळते. म्हणजे प्रयोगात जे संक्रमित झाले ते हिंसा असण्यापेक्षा एका नव्या वस्तूच्या वापराची माहिती असण्याचा संभव बराच आहे. बँड्युरा यांच्या मूळ प्रश्नाला याने बाध येत नाही. बाध येतो तो त्या प्रयोगावर उभारलेल्या लोकप्रिय निष्कर्षाला.

या लोकप्रिय निष्कर्षाला हातभार लागला तो १९६३ च्या दुसऱ्या प्रयोगाने. त्यात ९६ मुले होती, आणि प्रत्यक्ष व्यक्ती, तिचा चित्रपट, व काळ्या मांजराचा वेष केलेल्या पात्राचा व्यंगपटासारखा चित्रपट अशा तीन रीतींची तुलना केली होती. एकूण आक्रमक कृतींच्या सरासऱ्या अनुक्रमे ८३, ९२ व ९९ आल्या. काहीच न पाहिलेल्यांची ५४. पडद्यावरचे दृश्य प्रत्यक्षाइतकेच परिणामकारक ठरते ही माहिती त्या काळी नवी होती, आणि दूरचित्रवाणीच्या घरोघर झालेल्या प्रसारामुळे ती चिंतेची वाटली. तेव्हापासून हे संशोधन प्रयोगशाळेतून सार्वजनिक वादात आले. येथे मुद्दा एवढाच, की ५४ हा आकडाही शून्य नाही. काहीही न पाहिलेली, केवळ चिडविलेली मुलेसुद्धा चोपाचोपी करीतच होती. पाहण्याने भर पडली ती कशाची आणि किती, हे विचारल्याविना हे आकडे वाचणे योग्य नव्हे.

या मालिकेतील सर्वांत महत्त्वाचा, आणि म्हणूनच की काय सर्वांत कमी सांगितला जाणारा, प्रयोग १९६५ चा आहे. या वेळी ६६ मुलांना एक लहानसा चित्रपट दाखविला. त्यातील माणूस बाहुल्यावर चार नव्या धर्तीचे हल्ले करतो. शेवट मात्र तीन प्रकारचे होते. एका गटाने पाहिले, की त्या माणसाची वाहवा होऊन त्याला खाऊ व पेय मिळते. दुसऱ्याने पाहिले, की त्याला दरडावून चोप दिला जातो. तिसऱ्याला पुढे काय झाले ते दाखविलेच नाही. नंतर मुलांना खोलीत मोकळे सोडले तेव्हा शिक्षा पाहिलेल्या मुलांनी सर्वांत कमी नक्कल केली. बक्षीस पाहिलेली आणि परिणाम न पाहिलेली मुले यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. एवढ्यावर प्रयोग थांबला असता तर शिक्षा पाहिल्याने मुले ती कृती शिकली नाहीत, असा निष्कर्ष सहज निघाला असता. बँड्युरा थांबले नाहीत. त्यांनी मुलांना फळांचा रस व चित्रांच्या चकत्या देऊ करून विचारले, की त्या माणसाने काय काय केले ते करून दाखव. आणि तिन्ही गटांतील फरक नाहीसा झाला. मुलगे व मुली यांच्यातील अंतरही जवळजवळ मिटले. शिक्षा पाहिलेल्या मुलांना सर्व काही येत होते. ती फक्त करीत नव्हती.

एवढ्या साध्या युक्तीने मिळालेला हा निष्कर्ष दूरगामी आहे. शिकणे आणि करणे ही दोन वेगळी आहेत. जे आचरणात दिसत नाही ते शिकले गेलेच नाही असे समजू नये; आणि जे शिकले गेले ते आचरणात येईलच असेही नाही. मुलीने आरडाओरडा केला नाही म्हणून तिने तो आत्मसात केला नाही असे नव्हे. तो करण्याची मुभा आपल्याला नाही हे तिने त्याचबरोबर शिकून ठेवलेले असते. एडवर्ड टोलमन यांनी १९३० च्या सुमारास उंदरांच्या चक्रव्यूहात जे दाखविले होते, की फळाविना वाट शिकली जाते पण फळ दिसेपर्यंत ते ज्ञान प्रकट होत नाही, त्याचाच हा माणसातील प्रत्यय होय. ‘मुले जे पाहतात तेच करतात’ हे सूत्र १९६५ च्या निष्कर्षापुढे एक क्षणही टिकत नाही. ज्या संशोधकाच्या नावावर ते खपविले जाते त्यानेच ते खोडून काढलेले असावे, हा या विषयातील मोठा विपर्यास आहे.

आता खुद्द उपपत्तीकडे वळता येईल. बँड्युरा यांनी आपली परिपक्व मांडणी १९७७ च्या ग्रंथात केली. पाहून शिकण्यात चार व्यापार असतात: अवधान, धारणा, शारीरिक पुनर्निर्मिती आणि प्रेरणा. मुलाने लक्ष दिले पाहिजे, पाहिलेले स्मरणात ठेवले पाहिजे, ते अंगाने करता आले पाहिजे, आणि करण्यास काही कारण असले पाहिजे. मांडणी नेटकी आहे. शिकविण्यास सोयीची आहे. पण या चौकडीत एक व्यापार स्वतंत्रपणे येत नाही, तो म्हणजे अर्थ लावणे. मुलाने काय पाहिले? हात वर जाणे आणि खाली येणे पाहिले, की ‘मारणे’ पाहिले, की ‘खेळणे’ पाहिले, की ‘मोठी माणसे असे करतात’ हे पाहिले? डोळ्यांपुढचे दृश्य एकच; त्यातून शिकलेली गोष्ट चार प्रकारची असू शकते. बँड्युरा हे अगदीच विसरले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. धारणेत ते दृश्याचे शब्दांत व प्रतिमांत होणारे रूपांतर मानतात, आणि १९८६ च्या बृहद्ग्रंथात नुसत्या कृतीऐवजी कृतीमागील नियमच उचलला जातो याची चर्चा त्यांनी केली आहे. तथापि, हा अर्थबोध त्यांच्या रचनेत स्मरणाचा एक पोटभाग म्हणून राहतो. तो अवधानाच्याही आधीचा आहे, कारण काय महत्त्वाचे हे ठरल्यावाचून लक्ष कोठे द्यायचे हे ठरत नाही.

पुढील संशोधनाने या उणिवेवर बराच प्रकाश टाकला आहे. ग्योर्गी गर्गेय, हॅरॉल्ड बेकरिंग व इल्दिको किराय यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चौदा महिन्यांच्या बालकांपुढे एका बाईने कपाळ टेकवून दिव्याची पेटी उजळली. बाईचे हात मोकळे असताना तिने तसे केले, तेव्हा ६९ टक्के बालकांनी पुढे कपाळानेच दिवा लावला. हात अंगावरच्या पांघरुणात गुंतलेले असताना तिने तसे केले, तेव्हा तसे करणारी बालके अवघी २१ टक्के. इतरांनी हातानेच काम भागविले. हात गुंतले होते म्हणून तिने कपाळ वापरले, आपले हात मोकळे आहेत, असा काहीसा हिशेब अजून धड बोलू न लागलेल्या बालकाने केला, असे संशोधकांचे प्रतिपादन. या अर्थाविषयी नंतर मतभेद झाले आहेत, आणि शरीराच्या ठेवणीवरून साधे स्पष्टीकरण देण्याचाही यत्न झाला आहे. पण दिसले ते सर्व सारखेच उतरत नाही, एवढे तरी त्यातून निश्चित होते.

याच्या उलट टोकाचा पुरावा व्हिक्टोरिया हॉर्नर व अँड्र्यू व्हायटन यांनी २००५ मध्ये दिला. खाऊ असलेली पेटी उघडताना दाखविणाऱ्याने काही निरर्थक कृतीही केल्या. पेटी अपारदर्शक असताना तरुण चिंपांझींनी सर्व कृती उचलल्या. पारदर्शक पेटीत निरर्थकपणा दिसू लागताच त्या त्यांनी गाळल्या. तीन-चार वर्षांच्या मानवी मुलांनी मात्र पारदर्शक पेटीतही त्या सर्व कृती निष्ठेने केल्या. सकृद्दर्शनी येथे वानर शहाणे आणि मूल भोळे. परंतु मुलाच्या दृष्टीने पाहिले तर त्याच्यापुढे प्रश्न खाऊ मिळविण्याचा नसून रीत शिकण्याचा असतो. पूजेत पळीने पाणी उजव्या हातावर का घ्यायचे, हे विचारून कोणी पूजा शिकत नाही. आणि माणसाने शिकण्याच्या पुष्कळशा गोष्टी अशाच आहेत, ज्यांचे कारण पेटीसारखे पारदर्शक नसते. निरर्थक वाटणारे जपून ठेवण्याच्या या क्षमतेवर लिपी, व्याकरण, पाककृती व शिष्टाचार उभे आहेत. बाहुल्याच्या खोलीत ‘मोठा चिवट आहे’ असे म्हणणारी मुले याच क्षमतेचा प्रत्यय देत होती.

मराठीतील परिभाषेचा थोडा विचार येथे अप्रस्तुत होणार नाही. ज्याचे पाहून शिकायचे त्या व्यक्तीसाठी पाठ्यपुस्तकांत कधी ‘प्रतिमान’, कधी ‘आदर्श’ असे शब्द योजले जातात. दुसरा शब्द घातक आहे. बाहुल्याच्या डोक्यात हातोडा घालणाऱ्या बाईला आदर्श म्हणण्याची पाळी त्याने येते, आणि पाहिले जाणारे ते अनुसरण्यायोग्यच असते असा गैरसमज मागल्या दाराने आत शिरतो. ‘अनुकरण’ या शब्दाला तर ‘अंध’ हे विशेषण इतके चिकटले आहे की, त्यात काही बुद्धिव्यापार असेल अशी शंकाही येऊ नये. याहून कितीतरी नेमका शब्द बोलीत आहे: वळण. अक्षराला वळण असते आणि वागण्यालाही वळण असते. मुलाला वळण लावतात. कित्ता गिरविताना मूल गुरुजींच्या अक्षरावरून बोरू फिरविते. पण एकाच कित्त्यावर घोटलेल्या दहा मुलांची अक्षरे दहा प्रकारची होतात, आणि तरीही ती एका शाळेची म्हणून ओळखता येतात. हाताला लागते ते वळण, अक्षराची छाप नव्हे. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, या म्हणीतही हाच विवेक आहे: काय लागते आणि काय लागत नाही, यांची तीत फोड केलेली आहे. एकलव्याचे उदाहरण मात्र या संदर्भात देऊ नये. तो झाडाआडून पाहून शिकला अशी समजूत आढळते. महाभारताच्या आदिपर्वात द्रोणांनी नाकारल्यावर तो वनात जाऊन मातीच्या प्रतिमेपुढे स्वतःच अभ्यास करतो. ती पाहण्याची कथा नाही, सरावाची व श्रद्धेची आहे.

कोणाचे वळण लागते, या प्रश्नावरही बँड्युरा व रॉस यांनी १९६३ साली एक स्वतंत्र प्रयोग केला होता. खेळणी ज्याच्या ताब्यात आहेत असा एक प्रौढ आणि ती ज्याला मिळतात असा दुसरा, यांपैकी मुलांनी ताबा असणाऱ्याच्या लकबी अधिक उचलल्या. श्रेष्ठ जसे वागतो तसे इतर लोक वागतात, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. तेथे श्रेष्ठत्व गुणांचे अभिप्रेत आहे. शिशुशाळेत ते किल्ल्यांचे निघाले. शाळांतून थोर पुरुषांच्या तसबिरी लावून मुलांपुढे चारित्र्याचा नमुना ठेवणाऱ्यांनी, वर्गात खडू, हजेरीपट व छडी कोणाच्या हाती होती, याचाही हिशेब ठेवायला हवा.

उपपत्तीची मोठ्या प्रमाणावर परीक्षा झाली ती प्रयोगशाळेबाहेर. मेक्सिकोतील मिगेल साबिदो यांनी १९७० नंतरच्या दशकात बँड्युरा यांच्या विचारांच्या आधारे कौटुंबिक दूरचित्रवाणी-मालिका रचल्या. त्यांत अनुकरणीय पात्र, त्याज्य पात्र आणि दोहोंमध्ये हेलकावत अखेर सुधारणारे पात्र अशी योजना असे. तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांच्या मेक्सिको-भेटीतून ही कल्पना भारतात आली असे सांगितले जाते, आणि दूरदर्शनवर जुलै १९८४ पासून १९८५ च्या अखेरपर्यंत ‘हम लोग’ ही हिंदी मालिका चालली. लेखन मनोहर श्याम जोशी यांचे, भाग १५६. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन बोधाचे चार शब्द सांगत. आरंभीचा कुटुंबनियोजनाचा उघड प्रचार प्रेक्षकांना रुचला नाही, तेव्हा तो सौम्य करून कथेवर भर दिला गेला, आणि मालिका महाराष्ट्रातही घरोघर पाहिली जाऊ लागली.

या मालिकेत भागवंती ही आईची व्यक्तिरेखा त्याज्य नमुना म्हणून योजलेली होती. मद्यपी नवऱ्याचा जाच मुकाट्याने सोसणारी, स्वतःसाठी काही न मागणारी स्त्री. तिचे हाल पाहून प्रेक्षक तिच्या मार्गाने जाणार नाहीत, अशी अपेक्षा. अरविंद सिंघल, एव्हरेट रॉजर्स, विल्यम ब्राउन प्रभृतींनी नंतर प्रेक्षकांची पाहणी केली, तेव्हा तिला अनुकरणीय मानणारे प्रेक्षक, विशेषतः स्त्रिया, मोठ्या संख्येने आढळले. तिच्या हालांतून त्यांना शिक्षा दिसली नाही. सोशिकपणाची पुण्याई दिसली. १९६५ च्या प्रयोगाच्या भाषेत बोलायचे तर, चित्रपटातील माणसाला चोप मिळाला हे सर्व मुलांना सारखेच कळले होते. भागवंतीला काय मिळाले हे प्रेक्षकांगणिक बदलले. फळ कोणते आणि शिक्षा कोणती, हे पाहणाराच आपल्या संस्काराने ठरवितो. अर्थबोधाला स्मरणाचा पोटभाग मानणाऱ्या उपपत्तीला हा धक्का आहे, आणि कोट्यवधी लोकांपुढे नमुने ठेवून त्यांचे वर्तन बदलू पाहणाऱ्या कोणत्याही योजनेला तो तितकाच लागू आहे.

अध्यापकांच्या शिक्षणाशी या सर्वाचा संबंध निकटचा आहे. तेथे निष्णात अध्यापक आदर्श पाठ देतो, छात्राध्यापक मागे बसून निरीक्षणवहीत नोंदी करतात, आणि पुढे आपापले सराव पाठ घेतात. ही पाहून शिकण्याची शुद्ध योजना होय. सराव पाठात बहुधा उतरते ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेली तारीख, ‘शाब्बास’ म्हणण्याची ढब, प्रश्नानंतरचा ठराविक विराम. हे सारे बाहुल्याजवळच्या त्या उद्गारांप्रमाणे निष्ठेने उचललेले असते. मुलाने अनपेक्षित उत्तर दिले तेव्हा अध्यापकाने पुढला प्रश्न का बदलला, हे वहीत क्वचितच येते, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. दाखविणाऱ्याने ते सांगितले तरच कळते. आणि जे उतरले नाही ते शिकले गेले नाही, की शिकले गेले पण निरीक्षक मागे बसलेला असताना ते करून पाहण्याचे धैर्य झाले नाही, याचा निर्णय गुणपत्रिकेवरून होऊ शकत नाही. १९६५ च्या प्रयोगात तो निर्णय करण्यास फळांचा रस, काही चित्रे आणि ‘त्याने काय केले ते दाखव’ एवढी विनंती पुरली होती. सराव पाठांच्या वेळापत्रकात त्या विनंतीसाठी तासिका नसते.